पडलेले दान

“मामा, मग मी फासा टाकला कशाला?”

भाचीने हे विचारले तेव्हा तिच्या आवाजात रुसवा नव्हता आणि तक्रारही नव्हती. दुकानाच्या बिलातली एखादी ओळ कळली नाही म्हणून विचारावे, तितक्या कोरडेपणाने तिने ते विचारले. मी हसून वेळ मारून नेली, खेळ पुढे चालू ठेवला, साडेदहाला सगळे उठले आणि छत्र्या उघडल्याचे आवाज जिन्यातून खाली उतरत गेले. नंतर कप विसळताना, भडंगाची तेलकट परात घासताना आणि पुढचे तीन-चार दिवस कामावर जाता-येता तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊन उभा राहत होता. दर वेळी माझ्याकडचे उत्तर आधीपेक्षा थोडे अधिक लंगडे वाटत होते.

शनिवारी रात्री आम्ही गोष्टीचा एक खेळ खेळतो: प्रत्येकाचे एक पात्र असते, प्रसंग आणि अडचणी मी सांगतो, पात्राने काय करायचे ते खेळाडू ठरवतो, आणि ते जमले की फसले हे फासा सांगतो. आमची ही बैठक दोन वर्षांपासून चालू आहे. त्या दिवशी आषाढाचा पाऊस दुपारपासून थांबलेला नव्हता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी संध्याकाळीच सर्वांच्या फोनवर येऊन गेली होती, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर पाच माणसांच्या मध्ये एक गड उभा होता. गडाला आम्ही नाव दिलेले नाही. पण तीन मजली विहीर, तिच्या पोटातून तटाबाहेर निघणारी चोरवाट आणि सज्जातून दिसणारे धुके एवढे वर्णन केल्यावर तो कोणता गड हे कोल्हापुरात कुणाला सांगावे लागत नाही. (महाराजांना किंवा त्यांच्या माणसांना पात्रे करून खेळायचे नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून आहे. त्याची चर्चाही कधी करावी लागली नाही.) भाचीचे पात्र कमरेला खलिता बांधून ओल्या, शेवाळलेल्या तटावर चढत होते. वर पहारेकऱ्याची मशाल दुसऱ्या टोकाला गेली होती आणि ती परत वळायच्या आत वर पोचणे भाग होते. गुजरीत दागिन्यांचे दुकान असलेल्या माझ्या मित्राचे पात्र तटाच्या पायथ्याशी होते. तो म्हणाला, “थांब, दोर बांधतो, मग चढ.” भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, “नको. दोर बांधेपर्यंत मशाल येणार. मी अशीच चढतो.” (आमच्याकडच्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांच्या भुवया त्यावर वर्षानुवर्षे उंचावत आल्या आहेत आणि मुलींचे काही बिघडलेले नाही.) तिने हात पुसला, २० बाजूंचा निळा फासा मुठीत खुळखुळवला आणि टाकला. परातीच्या कडेला आपटून तो थांबला. ३.

मी म्हणालो, “पाय घसरतो. दगड सुटतो. आणि शेवटच्या क्षणी पिंपळाची एक मुळी तुझ्या हाताला लागते. तू कशीबशी वर पोचतेस.” बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भाची फाशाकडे पाहत राहिली आणि मग तिने तो प्रश्न विचारला. गुजरीवाला मित्र तेवढ्यात पुटपुटला, “म्हणजे माझा दोर उगंच भिजला.”

त्याच्या त्या वाक्यात तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मी त्या चढाईला १५ हा अवघडपणाचा आकडा ठरवला होता. तिच्या पात्राला चढण्यासाठी ४ ची भर मिळते, म्हणजे फाशावर ११ किंवा त्याहून मोठा आकडा पडायला हवा होता. वीसपैकी दहा बाजू तिच्या, दहा माझ्या. दोर घेतला असता तर नियमाप्रमाणे दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा धरता आला असता आणि निम्म्यावर असलेली शक्यता ७५ टक्क्यांवर गेली असती. हे गणित दहावीतल्या मुलीला माझ्यापेक्षा लवकर सुटते. तिने शंभरातले पंचवीस जाणूनबुजून सोडले होते, वेळ वाचावा म्हणून. मित्राने वेळ घालवून सुरक्षितपणा देऊ केला होता. दोघांनीही मी सांगितलेल्या मशालीवर विश्वास ठेवला होता. मी पिंपळाची मुळी उगवून आणली आणि त्याबरोबर मशाल, दोर, शेवाळ हे सगळेच खोटे करून टाकले, कारण काहीही निवडले असते तरी ती वर पोचणारच होती.

तो निळा फासाही साधा नाही. ऑनलाइन मागवलेला संच घरी आला तेव्हा गुजरीवाल्या मित्राने आधी तो आपल्या काट्यावर ठेवून पाहिला आणि मग आमच्या स्वयंपाकघरात वाडगाभर पाण्यात मीठ विरघळवत बसला. पाणी पुरेसे खारट झाले की फासा तरंगतो. त्याला बोटाने टिचकी मारून गोल फिरवायचे आणि दर वेळी एकच बाजू वर येते का ते पाहायचे. एकच बाजू येत असेल तर आत कुठेतरी पोकळी आहे. वीस-पंचवीस टिचक्यांनंतर, सोन्याचा कस लावताना ज्या चेहऱ्याने तो मान हलवतो त्याच चेहऱ्याने, तो म्हणाला, “चोख आहे.” या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी २१ येते. त्या रात्री वर ३ होता, म्हणजे १८ त्याच्या पोटाखाली, भडंगाच्या चुरमुऱ्यांना टेकलेला होता. चोख फाशाने प्रामाणिकपणे दिलेले दान होते ते. खोट माझ्यात होती.

मी नेहमीच असा मऊ नव्हतो. हा खेळ चालवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी, ‘मास्तर’ ही पदवी जरा जास्तच मनावर घेतलेला माणूस होतो. आमच्यातला एक जण औषध कंपनीत एमआर आहे. दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग सांभाळत बसून तो शनिवारी येतो. त्याचा सरदार एकदा ऐन लढाईत वार करायला गेला आणि फाशावर १ पडला. डंजन्स अँड ड्रॅगन्स या मूळ खेळाच्या नियमात हल्ल्याच्या दानावर १ पडला की वार चुकतो, एवढेच आहे. मी मात्र रंगात येऊन सांगितले की सरदाराचा पाय धोतरात अडकला, तलवार हातातून उडाली, विहिरीत पडली आणि शत्रूसुद्धा हसू लागले. माडी हास्याने दणाणली. तोही हसला. पुढचे दोन शनिवार तो आला नाही, आणि तिसऱ्या शनिवारी आला तेव्हा कंपनीच्या मीटिंगचे कारण सांगितले, जे खरेही असेल. पण तलवार विहिरीत पडते असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. ती माझ्या जिभेने पाडली होती. कसलेल्या लढवय्याचाही वार चुकतो, समोरचा ढाल वेळेवर वर करतो, पावसाचे पाणी डोळ्यांत जाते. एक दान फसल्याने माणूस विदूषक कसा काय ठरतो, हे मला तेव्हा कुणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.

त्याच वर्षीची आणखी एक रात्र आठवते. चोरवाटेचे तोंड शोधायचे होते आणि ते सापडल्याशिवाय कथा पुढे सरकणारच नव्हती. तरीही मी शोधण्यासाठी दान टाकायला सांगितले. चौघांचीही दाने फसली. मग पाऊण तास आम्ही त्या एका भिंतीसमोर बसून होतो. चहा दोनदा झाला, कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर पाहिला, शेवटी मी कुठूनशी एक म्हातारी मोळीवाली आणून तिच्या तोंडून वाट सांगवली. चौघांच्याही चेहऱ्यांवर त्या म्हातारीबद्दल कृतज्ञता दिसली नाही.

पिंपळाची मुळी ही त्या म्हातारीची नातच होती, हे आता दिसते.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला खरे तर हे वेगळे शिकवावे लागू नये. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानात मी लहानपणी वडिलांच्या शेजारी मातीच्या उतारावर बसून कुस्त्या पाहिल्या आहेत. खोलगट हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे कुठेही बसले तरी लाल मातीतली बोटेसुद्धा दिसतात. त्या मैदानाला चितपट कळते. बरोबरीत सुटलेली कुस्तीही ते कुरकुरत का होईना पचवते. मात्र आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती त्याला चालत नाही. पहिल्या दोन पकडींतच उतारावरून कुजबूज सुरू होते आणि मग शिट्ट्या, आणि मग जे शब्द येतात ते इथे लिहिता येणार नाहीत. वडील एकदा म्हणाले होते, हरलेल्या पैलवानाला लोक फेटा बांधतात, नुरा खेळलेल्या दोघांनाही चहा विचारत नाहीत. भाची कधी खासबागेत कुस्तीला गेलेली नाही. पण त्या रात्री तिने जी नजर फाशावर ठेवली होती ती त्या उतारावरचीच होती.

आणि घरातच आजी होती. दिवाळीच्या सुट्टीत ती कापडी सारीपाट अंथरायची; त्याची घडी जिथे पडायची तिथे कापड विरलेले होते आणि सोंगट्या तिथे नेहमी कलंडायच्या. सहा कवड्या ओंजळीत घेऊन ती फुंकर मारायची आणि सोडायची. उताण्या किती, पालथ्या किती हे मोजायच्या आत माझे पुन्हा टाकण्याचे बहाणे सुरू व्हायचे: कवडी पाटाबाहेर गेली, माझे लक्ष नव्हते, धक्का लागला. आजी कवड्यांवर हात ठेवून म्हणायची, “पडलं ते पडलं. आता कुठली सोंगटी हलवायची ते तुझ्या हातात हाय की.” मी रडायचो. पण एवढेही खरे की तिच्याशी खेळताना मी ज्या दिवशी जिंकलो ते दिवस मला मोजून आठवतात, आणि मामांनी लाडाने जिंकू दिलेले डाव किती ते सांगता येत नाही. आता मीच मामा आहे.

तरीही हा प्रश्न मी जितका सरळ मांडतो आहे तितका तो सरळ नाही. त्या आठवड्यात भाचीचा चाचणीचा निकाल लागला होता आणि गणित वगळता बाकीचा चांगला नव्हता. ताईने फोनवर मला ते सांगितले होते, भाचीने नाही. ३ चा आकडा पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो, या आठवड्यात एवढे पुरे, हा होता. एमआर मित्राचे टार्गेट महिन्यागणिक हुकते. गुजरीवाल्याचे दुकान भाव वाढले की ओस पडते. ही माणसे शनिवारी रात्री पावसातून माझ्याकडे येतात ती आणखी एकदा हरायला येतात का? कुणी हो म्हणेल असे मला वाटत नाही. पण उगाच जिंकवून घ्यायला येतात असेही नाही, कारण तसे असते तर फासे पिशवीतच राहिले असते आणि मी नुसती गोष्ट सांगितली असती. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ते येतात, आणि ती जागा मला दोन वर्षांत बोटाने दाखवता आलेली नाही.

त्या विचारात असताना मला चुलत्याची विहीर आठवली. आमचे मूळ गाव भुदरगड तालुक्यातले. चुलत्याला शेताच्या खालच्या कोपऱ्यात विहीर काढायची होती आणि भावकीत दोन मते होती, म्हणून तो देवाला कौल लावायला गेला. मी बरोबर होतो, आठ-नऊ वर्षांचा. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी याची वाट पाहायची. गुरवाने कळ्या पाण्यात बुडवल्या आणि हात तसाच थांबवून चुलत्याला विचारले, “डावा पडला तर ऐकणार हाईस का? नसशील तर लावू नको. देवाला उगंच तोंडघशी पाडू नको.” चुलता बराच वेळ पायरीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने नारळ तिथेच ठेवला, नमस्कार केला आणि आम्ही परत आलो. विहीर त्याने कौल न लावताच काढली. पाणीही लागले, पण ती गोष्ट वेगळी.

फासा टाकायला सांगणे म्हणजे कौल लावणे आहे, आणि मी गुरवाचा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. चोरवाट सापडणारच असेल तर दान मागायचे नाही, वाट दाखवून मोकळे व्हायचे. २००४ साली आलेल्या डॉग्ज इन द व्हिनयार्ड या याच जातीच्या खेळात खेळ चालवणाऱ्याला जवळपास हेच बजावले आहे: खेळाडूच्या म्हणण्याला होकार द्या, नाहीतर फासे काढा. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हापासून मधल्या काळात हे कुणाला सुचले नसेल असे नाही, पण ते नियम म्हणून इतक्या मोजक्या शब्दांत मांडलेले पाहून मला गुरव आठवला. आणि ज्याला मी घाबरत होतो, ते ‘दान फसले की कथा मेली’ हे भय तरी कुठे खरे होते? २०१० साली आलेल्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये सहा बाजूंचे दोन साधे फासे टाकतात. १० किंवा जास्त आले की मनासारखे होते, ७ ते ९ आले की होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि ६ किंवा कमी आले की खेळ चालवणाऱ्याची पाळी. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी १५ त्या मधल्या घरात पडतात, १५ खालच्या घरात आणि निर्भेळ यशाला अवघ्या ६ उरतात. म्हणजे पात्राची भर धरली नाही तर तो खेळ बहुतेक वेळ किमतीवर आणि संकटावरच चालतो, आणि चांगला चालतो. त्याच घराण्यातल्या डंजन वर्ल्डमध्ये तर ६ किंवा कमी आले की खेळाडू अनुभवाचा एक गुण लिहून घेतो. आमच्या आजीला हे पटले नसते. तिच्या मते पालथ्या कवडीला बक्षीस नसते.

मला मात्र यातली ‘मोजावे लागते’ ही जागा महत्त्वाची वाटली. तटावर हात सुटला हे फाशाने सांगितले. हात सुटल्यावर काय गमवायचे, हे फासा सांगत नाही. तेही मीच ठरवून टाकले होते, काहीच गमवायचे नाही असे, आणि वर त्याला मुळीचे सोंग दिले होते.

पुढच्या शनिवारी पाऊस उघडला होता. पंचगंगा उतरू लागली होती आणि जिन्यात ओल्या चपलांचा वास नव्हता. सगळे बसल्यावर, तीन जुन्या लग्नपत्रिका चिकटवून केलेला माझा पुठ्ठ्याचा पडदा उभा करायच्या आधी, मी सांगितले की मागच्या वेळी मी खोटे बोललो, तिथे पिंपळाची मुळी नव्हती. एमआर मित्र म्हणाला, “मास्तर, झालं गेलं, आता कशाला उकरताय?” गुजरीवाला काही बोलला नाही, पण पुढे सरकून बसला. भाचीने पिशवीतून निळा फासा काढला. तो टाकला नाही. बोटांत धरून, प्रत्येक बाजू पाहत, हवी ती सापडेपर्यंत फिरवला आणि ३ वर येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हे पडलेलं,” ती म्हणाली.

मग मी सांगू लागलो. उजवा हात सुटला आहे. डाव्या हाताची दोन बोटे दगडाच्या फटीत आहेत. दूरवर मशाल वळते आहे, तिचा उजेड तटाच्या कडेवरून सरकत येतो आहे. कमरेची गाठ सैल झाली आहे आणि खलिता घसरतो आहे. खलिता धरायचा तर उजवा हात तिकडे न्यावा लागेल आणि मग दोन बोटांवर किती वेळ निघेल, सांगता येत नाही. उजव्या हाताने तट धरायचा तर खलिता जाईल. हाक मारलीस तर खालून दोर येईल, पण ती हाक मशालीलाही ऐकू जाईल.

एवढे बोलून मी थांबलो, आणि थांबणे सोपे गेले नाही. पंख्याचा आवाज मोठा वाटू लागला. भाचीने परातीतले चार दाणे उचलले, चावले, मग आठवण होऊन हात रुमालाला पुसला. गुजरीवाल्याने तळहात किंचित वर करून तिच्याकडे पाहिले. दोर तयार होता. ती त्याच्याकडे पाहून नाही अशी मान हलवून माझ्याकडे वळली.

“खलिता सोडतो.”

“नक्की?” मी विचारले, आणि विचारल्या विचारल्या लक्षात आले की हे मी दुसऱ्या कुणाला विचारले नसते.

“नक्की. पडू दे दरीत. वर गेल्यावर बघतो मी.”

तीन आठवडे मी त्या खलित्याभोवती कथा विणत होतो. त्यात कुणाची सही आहे, तो कुणाच्या हाती पोचल्यावर कोण फितूर निघणार, गडाचा कोणता दरवाजा कुठल्या रात्री उघडा राहणार, हे सगळे वहीत ओळीने लिहिलेले होते. चौघेही माझ्याकडे पाहत होते. मी लग्नपत्रिकांच्या आडोशाने वहीची पाने उलटू लागलो. खलित्याचे पान गेले, फितुराचे गेले, दरवाजाचे गेले. त्यापुढच्या पानावर चहाच्या कपाच्या बुडाचा एक गोल डाग होता. बाकी पान कोरे होते.